मागून येणारी पावलं

माझ्या नवऱ्याच्या हेडफोनला आमच्या घरात कोणी हात लावत नाही. सासूबाई धूळ पुसतानाही टेबलाचा तेवढा कोपरा सोडून देतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी स्वतः तो कधी डोक्याला लावलेला नव्हता. त्यामुळे त्या रविवारी जेवणं आटोपल्यावर त्यानं आपण होऊन तो उचलला आणि माझ्या हातात दिला, तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग शंका आली. एवढा दानशूरपणा हा माणूस उगीच करत नाही.

प्रकरण माझ्या डोळ्यांचं होतं. मला समोरचं नीट दिसतं. फळ्यावरचं, पुस्तकातलं, सुईचं भोकसुद्धा. पण बाजूचं दिसत नाही. माहेरी चुलीजवळ फुंकणी असायची, तिच्यातून जग बघितलं तर जसं दिसेल तसं मला आता दिसतं. आजाराचं नाव लांबलचक आहे, ते इथं लिहून कोणाचं भलं व्हायचं नाही. हे हळूहळू आलंय, हळूहळूच पुढं जाईल आणि मधलं बरीच वर्षं टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. मी शाळेत भूगोल शिकवते. कडेच्या बाकांवरची पोरं काय करतात ते बघायला मला मान वळवावी लागते, आणि ही गोष्ट पोरांना माझ्याआधी कळली होती. स्कूटी मी स्वतःच विकून टाकली. तिचं वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त वाईट गेमचं वाटलं.

हे बोलले की लोक माझ्याकडं विचित्र नजरेनं बघतात. पस्तिशी ओलांडलेली बाई, वर शिक्षिका, हिला गेमचं काय पडलंय? पडलंय. लई पडलंय. माहेरी, कन्नड गावी, आमच्या घरी टीव्हीला जोडायचा, कॅसेट घालायचा गेम होता, तेव्हापासून पडलंय. धाकट्या भावाला मी बरं बटण असलेला रिमोट कधी दिला नाही आणि जिंकूही दिलं नाही. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा नवऱ्यानं माझ्या आवडीनिवडी विचारल्या, तेव्हा मी वाचन, भरतकाम वगैरे काही न सांगता हेच सांगितलं. त्याचे डोळे चमकले. घरात सोफा यायच्या आधी आमच्याकडं गेमचा कन्सोल आला, आणि कितीतरी दिवस आम्ही गादीवर बसून खेळलो.

आम्ही खेळतो तो गेम साधा आहे. एक बंद पडलेली भली मोठी गिरणी. तिच्यात दोघांनी दोन टोकांनी शिरायचं, एकमेकांना शोधायचं आणि गोळी झाडायची. ज्याला दुसरा आधी दिसला तो जगला. यात मी तरबेज होते, नवऱ्याला विचारा. पण बाजू गेल्या आणि माझं सगळं तंत्र बिघडलं. पडद्यावर कडेला काही हललं तर मला कळेना. इंटरनेटवर कुठल्या कुठल्या देशांतले अनोळखी लोक समोर असायचे, ते कडेनं यायचे, मागून यायचे, आणि मी मेल्यावरच मला त्यांचा पत्ता लागायचा. मग मी अनोळखी लोकांशी खेळणं सोडलं. फक्त रविवारी संध्याकाळी भावाशी खेळायचे. तो कन्नडलाच असतो, साखर कारखान्यात नोकरी करतो आणि घरचा ऊसही बघतो. त्याच्याशी मात्र मी अजून जिंकायचे. उसाच्या नादात त्याचा हात बिघडलाय, असं मी त्याला दर रविवारी चिडवायचे आणि तो हसायचा. त्या जिंकण्यावर माझा आठवडा निघायचा.

पण मनात खुटखुट होतीच. मला एकच गोष्ट हवी होती. मागून किंवा कडेनं कोणी आला तर तो मला गोळी लागायच्या आधी कळला पाहिजे. कळला तर मी अजून खेळाडू आहे. नाही कळला तर कन्सोल कपाटात ठेवून द्यायचा आणि पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. हे मी नवऱ्याला आदल्या दिवशी बोलून दाखवलं होतं, जरा रडून. त्यानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी हेडफोन हातात दिला.

त्याचं आवाजाचं वेड जुनं आहे. लग्नानंतर पहिल्यांदा वेरूळला गेलो तेव्हा सगळी दुनिया लेण्यांचे फोटो काढत होती, आणि हा माणूस एका लेण्याच्या मधोमध डोळे मिटून टाळ्या वाजवत उभा होता. प्रत्येक टाळी कशी परत येते ते ऐकत होता म्हणे. मागं सहलीची पोरं होती, त्यांनीही टाळ्या सुरू केल्या आणि मग चौकीदार धावत आला. मी लांब उभी राहून दुसऱ्याच कोणाबरोबर आल्यासारखं केलं. असा माणूस दिवसभर वाळूजच्या कंपनीत हिशेब तपासतो आणि घरी आला की हेडफोन लावून खुर्चीत बसतो. त्या वेळी घराला आग लागली तर सासूबाई आणि मी त्याला खुर्चीसकट बाहेर नेऊ, असं आमचं ठरलेलं आहे.

त्यानं आधी मला डोळे मिटायला सांगितलं. मग घराच्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन माझ्याभोवती अनवाणी फिरू लागला. मध्येच किल्ल्या वाजवायच्या आणि मी बोट दाखवायचं. डावीकडं. मागं. मागं, पण जरा उजवीकडं. खाली, गुडघ्यापाशी. एकदाही चुकले नाही. सासूबाई वर्तमानपत्र मांडीवर ठेवून बघत होत्या. त्यांना वाटलं, डोळ्यांवर हा काही नवा उपाय निघालाय.

नवऱ्यानं विचारलं की तुला कान दोनच असताना मागचं आणि खालचं कळलं कसं. मला सांगता येईना. तेव्हा तो जे बोलला ते मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. डावीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित आधी आणि जरा मोठा पोचतो. मागून किंवा वरून आलेला आवाज कानाच्या पाळीच्या वळणांतून जाताना थोडा बदलतो. हा बदल मेंदू लहानपणापासून शिकलेला असतो. हल्लीचे कन्सोल हाच हिशेब प्रत्येक पावलासाठी, प्रत्येक गोळीसाठी करतात. खोलीभर स्पीकर टांगायची गरज नाही, दोन कानांवर दोन चांगले स्पीकर पुरतात, फक्त त्यांनी तो बारीक हिशेब जसाच्या तसा कानात पोचवला पाहिजे. मी खेळायला घेतलेल्या हेडसेटच्या खोक्यावर चहूकडून आवाज येतो असं छापलेलं होतं, आणि त्याला लाल-निळे दिवेही होते. त्यात सगळे आवाज माझ्या कवटीच्या आत, मेंदूच्या जागी वाजायचे. नवरा म्हणाला, दिवे बघायला ठीक आहेत, ऐकायला नाहीत.

मी म्हटलं, लाव मग. सासूबाई समोर होत्या म्हणून "लावा मग" म्हटलं. एकटे असलो की अरे-तुरे, त्यांच्यासमोर अहो-जाहो, हे आमचं नाटक त्यांनाही माहीत आहे.

पहिला प्रयोग फसला. हेडफोनची वायर त्यानं सरळ टीव्हीला जोडली, आणि आवाज असा आला की मंगल कार्यालयात मागच्या रांगेत बसून माइकवरची भाषणं ऐकावीत. सगळं घुमत होतं, पत्ता कशाचाच लागत नव्हता. मी तोंड वाकडं केलं. नवरा टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरला आणि बऱ्याच वेळानं विजयी चेहऱ्यानं बाहेर आला. आवाज चहूकडं पसरवायचं काम कन्सोल करतच होता, आणि टीव्हीही आपल्या परीनं तेच पुन्हा करत होता. एकाच भाजीत सासूनं आणि सुनेनं दोघींनी मीठ टाकलं तर काय होणार, असं तो म्हणाला. सासूबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं.

टीव्हीची लुडबुड बंद केली. मग नवरा म्हणाला की टीव्हीला मध्ये घ्यायचंच कशाला, आणि त्यानं वायर थेट हातातल्या कंट्रोलरला जोडली. आता आवाज स्वच्छ आला पण अगदी बारीक, शेजारच्या घरातून यावा तसा. या हेडफोनला जोर जास्त लागतो, तो त्या चिमुकल्या कंट्रोलरला झेपत नव्हता. त्यासाठी याच्याकडं साबणाच्या वडीएवढी एक डबी आहे, आवाजाला जोर देणारी. कंट्रोलरमधून वायर डबीत, डबीतून हेडफोनमध्ये, डबीतून आणखी एक वायर चार्जरला. मी मध्ये बसलेली. सासूबाई म्हणाल्या, सलाइन लावल्यासारखी दिसतेस.

आणि मग मी गिरणीत शिरले.

हे कसं सांगू ते मला कळत नाही. गिरणी तीच होती. इतकी वर्षं तिच्यात हिंडले होते. पण आता लांब उजवीकडं कुठंतरी पाण्याचा थेंब पडत होता. वर पत्र्याखाली पारवा फडफडला आणि डावीकडून मागं उडत गेला, आणि मी न बघता त्याच्या मागोमाग गेले. माझ्या पायाखाली काच करकरत होती. पाठीमागं एक दार वाऱ्यानं हलत होतं. मी गोळी झाडली नाही, कोणाला शोधलं नाही, नुसती फिरत राहिले. जिना चढले, उतरले, पुन्हा चढले. पडद्याच्या कडा मला दिसत नव्हत्याच, पण कडांना काय आहे ते सगळं मला माहीत होतं. माझी बाजू परत आली होती. मला इतका आनंद झाला की हेडफोनच्या गादीवर डोळ्यांतलं पाणी पडलं, आणि नवऱ्यानं ते हळूच पुसून घेतलं. माझे डोळे नाही, गादी.

मग धीर करून अनोळखी माणसाशी खेळले आणि मेले. पुन्हा खेळले, पुन्हा मेले. कारण डावीकडं सारखं काहीतरी किणकिणत होतं. बारीक साखळी हलावी तसं. मी दर वेळी डावीकडं वळायचे, तिथं कोणी नसायचं, आणि खरा माणूस उजवीकडून येऊन काम करून जायचा. नवऱ्यानं हेडफोन स्वतः लावून बघितला, त्याला काही ऐकू येईना. त्यानं वायर बदलली. डबी बदलली. मी पुन्हा लावला की किणकिण हजर. तो आता हेडफोन उघडायला स्क्रू ड्रायव्हर शोधू लागला, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं होतं. तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, तुझे झुबे वाजतायत."

माझे झुबे. आईनं लग्नात दिलेले, मी ते कधीच काढत नाही. हेडफोनच्या मोठ्या वाट्यांत ते लोंबत होते, डाव्याचा एक मणी सैल झाला होता, आणि मान हलली की वाजत होता. त्या मण्यानं माझा इतक्यांदा जीव घेतला होता. नवरा स्वयंपाकघरात गेला आणि तिथून त्याच्या हसण्याचा आवाज आला. तो कुठून आला ते मला अचूक कळलं.

मी झुबे काढून ठेवले, पण सवाष्णीनं कान मोकळे ठेवू नयेत, हे सासूबाईंचं पक्कं. त्या उठल्या, आत गेल्या आणि त्यांच्या तरुणपणच्या मोत्याच्या कुड्या घेऊन आल्या. या वाजत नाहीत, म्हणाल्या, आणि आपल्या हातानं माझ्या कानांत घातल्या. गेमसाठी सुनेच्या कानात कुड्या घालणारी सासू आमच्या अख्ख्या पुंडलिकनगरात दुसरी नसेल.

पुढच्या रविवारी मी तयारीनं बसले, तर नळाचा दिवस निघाला. आमच्या गल्लीत नळ आले की प्रत्येक घरातली मोटर सुरू होते, बादल्या आपटतात, गच्चीवरून कोणीतरी टाकी भरल्याची हाळी देतं. नवऱ्याचा हेडफोन बाहेरून जाळीचा आहे, बंद नाही. त्यामुळं आवाज मोकळा आणि खरा वाटतो, ही त्याची थोरवी. पण त्याच जाळीतून बाहेरचं सगळं आत येतं, हे त्यानं मला आधी सांगितलं नव्हतं. गिरणी बंद पडलेली, आणि माझ्या कानात शेजारच्या काकांची मोटर घरघरत होती. शेवटी मी हेडफोन काढून ठेवला आणि पिंप भरायला उठले. चार वाजता मोटरी थांबल्या आणि मी पुन्हा बसले.

किणकिण गेली होती, घरघर गेली होती, तरी काहीतरी चुकत होतं. पावलं ऐकू यायची, डावी-उजवीही कळायची, पण ती वरून यायची. कोणीतरी माळ्यावर चालतंय असं वाटायचं. मी छताकडं बंदूक रोखायचे आणि माणूस समोरच्या दारातून यायचा. नवरा म्हणाला, असं होऊच शकत नाही. मी म्हटलं, होतंय. तो म्हणाला, तू ऐकण्यात चुकत असशील. यावर मी जे बोलले ते सासूबाईंसमोर अहो-जाहो घालूनच बोलले, पण त्याला समजलं.

मग उलगडा झाला. कन्सोलमध्ये एक सेटिंग असतं. एक आवाज वाजतो आणि चार-पाच पर्याय दिलेले असतात, त्यातल्या ज्या पर्यायात तो आवाज बरोबर कानांच्या उंचीवर वाटेल तो आपला. ते नवऱ्यानं कधीच करून ठेवलं होतं, चांगला तासभर घालवून. स्वतःच्या कानांनी. आमच्या घरातली सगळी सेटिंग तोच करतो. गीझर किती तापवायचा, टीव्ही किती उजळ ठेवायचा, फ्रिज किती थंड, सगळं तो ठरवतो आणि आम्ही दोघी मुकाट वापरतो. ही या घराची रीतच पडून गेली आहे, आणि त्यात माझेही कान आहेत हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्यासुद्धा.

मी कंट्रोलर हातात घेतला आणि एकेक पर्याय ऐकू लागले. पहिल्यात आवाज पंख्यापाशी. पुढच्यात जरा खाली. त्याच्या पुढचा नवऱ्याचा, तो माझ्या भांगाच्या वर. आणखी एक दाबला आणि आवाज उतरला, उतरला आणि माझ्या कानाशी येऊन थांबला, अगदी कुडीपाशी. मी म्हटलं, हा. नवऱ्यानं हेडफोन काढून घेऊन तोच पर्याय ऐकला आणि हे तर खाली माझ्या पोटापाशी वाजतंय, असं म्हणाला. आम्ही भांडलो. यंत्र एक, हेडफोन एक, आवाज एक, आणि त्याच्यासाठी तो पोटात आणि माझ्यासाठी कानात. शेवटी दोघं आरशासमोर उभे राहिलो. त्याचे कान मोठे आणि बाहेर आलेले, माझे लहान आणि डोक्याला चिकटलेले. इतकी वर्षं शेजारी झोपतोय, पण कान कधी बघितले नव्हते. त्याच्या आजोबांचे कान आहेत ते, सासूबाई मागून अभिमानानं म्हणाल्या.

माझा पर्याय ठेवून मी पुन्हा गिरणीत शिरले. समोर कोणी अनोळखी. मी यंत्रांच्या लांबलचक दालनात होते. उजवीकडं, थोडं मागं, माझ्याच पातळीवर, काच करकरली. मी थांबले. पुन्हा करकरली, जवळ. मी वळले, आणि वळले तेव्हा तो माणूस माझ्या फुंकणीच्या बरोबर मध्यात उभा होता. मी गोळी झाडली. तो पडला आणि मी किंचाळले. सासूबाईंचा चहा बशीत सांडला. नवरा सोफ्यावर उभा राहून नाचत होता, आणि खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी ठोकली. मी आणखी एकाला टिपलं, मग एकानं मला टिपलं, मग मी पुन्हा एकाला. मेले तरी कुठून मेले ते मला कळत होतं. हे किती मोठं आहे ते ज्याच्या बाजू शाबूत आहेत त्याला नाही कळायचं.

तेवढ्यात भावाचा निरोप आला की तो मोकळा झालाय, खेळायचं का. मी त्याला हेडफोनचं काही सांगितलं नाही. त्याला चकित करायचं होतं. आज याची अशी जिरवते की कारखान्यात सांगायला तोंड राहणार नाही, असं मी नवऱ्याला म्हटलं आणि कंट्रोलरमधला माइक चालू केला. भावानं नेहमीसारखं ऊस, आई, तिची गुडघेदुखी वगैरे सांगितलं आणि खेळ सुरू झाला.

मी दालनात शिरले आणि चालत राहिले. थोड्याच वेळात तो आला. मागून, जरा उजवीकडून. काचेवर त्याचा पाय पडला, मग लाकडी फळीवर, मग पुन्हा काचेवर. अजून जवळ येऊ दे, मग गर्रकन वळायचं, असं मी ठरवलं. तो अजून जवळ आला. आता तो इतका जवळ होता की कोणाचाही नेम चुकला नसता. तो थांबला. मी गोळीची वाट बघत होते. गोळी आली नाही. मग पावलं वळली, मागं गेली आणि लोखंडी जिन्यावरून खाली उतरली. काही वेळानं तो मला समोर दिसला, मोकळ्या अंगणात, अगदी मध्यभागी, जिथं मला उत्तम दिसतं तिथं. मी गोळी झाडली. तो पडला.

"लई भारी ताई," तो माइकवर म्हणाला. "जिंकलीस बघ."

मला वाटलं, त्याला मी दिसले नसेन. त्याची बंदूक भरायची राहिली असेल. पुढच्या डावात मी मुद्दाम एका दाराकडं पाठ करून उजेडात उभी राहिले, हललेही नाही. तो आला. डावीकडून मागं. थांबला. आणि हळूच परत फिरला. पुन्हा तसाच तो समोरून आला, मध्यभागी, आणि उभा राहिला.

मी गोळी झाडली नाही. मला एकदम सगळं कळलं. मागचा रविवार, त्याच्या मागचा, आणि डोळे बिघडल्यापासूनचे सगळे रविवार. माझं जिंकणं, त्यावर निघालेले माझे आठवडे, त्याच्या बिघडलेल्या हाताची मी केलेली चेष्टा. मला इतका राग आला की कानशिलं तापली. लाजही वाटली. आणि तो माझ्या पाठीमागं उभा राहून मला न मारता परत जायचा, दर रविवारी, एक शब्द न बोलता, याची इतकी माया दाटून आली की राग धड टिकेना.

"तू माझ्या मागं होतास," मी म्हणाले.

"नाय ताई, मी तर खाली जिन्यापाशी..."

"आधी उजवीकडून आलास. काचेवर पाय पडला तुझा, मग फळीवर. माझ्या पाठीशी थांबलास आणि जिन्यानं खाली गेलास. आत्ता डावीकडून आलास. आत्ता पण थांबलास."

त्याच्या घरात मागं कुठंतरी भांडं पडलं, तेही मला ऐकू आलं. मग त्यानं विचारलं, हे सगळं तुला ऐकू आलं का. मी आलं म्हटलं.

"ताई, तुला दिसंना झालं तवापासून... मागून मारू वाटंना गं."

नवरा माझ्याकडं बघत होता. त्याला भावाचं बोलणं ऐकू गेलं होतं, जाळीचा हेडफोन ना. मी त्याच्याकडं बघितलं नाही, बघितलं असतं तर रडले असते. भावाला मी सांगितलं की आता मला मागचं कळतं, कडेचं कळतं, आणि जोवर कळतंय तोवर मला खेळायचंय. पुन्हा एकदा जरी माझ्या मागं येऊन परत फिरलास तर मी हा कन्सोल विकीन आणि राखीलाही येणार नाही. तो म्हणाला, असं काय बोलतीस. मी म्हटलं, मारायचं. थांबायचं नाय. तो हळू आवाजात व्हय म्हणाला.

तिसरा डाव सुरू झाला. आणि आधी कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. थेंब, पारवा, हलणारं दार. मग लांब, वर, एक पाऊल. मग तेही बंद. हा खेळ मला माहीतच नव्हता. माझा भाऊ इतका तयार झालाय हे मला माहीतच नव्हतं, इतके दिवस त्यानं ते माझ्यापासून लपवून ठेवलं होतं. तो फिरत होता, मी फिरत होते. एकदा मला तो खांबामागं कळला आणि मी गोळी झाडली, ती थोडक्यात हुकली. तो पळाला, मी पळत्या पावलांच्या मागं गेले, दालनातून, जिन्यावरून, पत्र्यावरून. नवरा उठून पडद्याजवळ आला होता. सासूबाईंनी जप थांबवला होता. मग पावलं पुन्हा नाहीशी झाली. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि ऐकत राहिले, अख्खं अंग कान करून. डावीकडं मागच्या बाजूला, खिडकीपाशी, काच करकरली. मी वळले. तो मला दिसला, अगदी मध्यभागी, त्याची बंदूक माझ्यावर रोखलेली, आणि त्यानं गोळी झाडली.

पडदा लाल झाला. मी मेले होते. माझं बोट बटणावर होतं, ते दाबलं गेलंच नाही.

मग भावाचा घाबरलेला आवाज आला. "ताई? चिडलीस का?"

मी हसत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. नवऱ्याला वाटलं मी रडतेय, म्हणून त्यानं खांद्यावर हात ठेवला. मी तो हात तसाच राहू दिला आणि माइक तोंडाजवळ घेतला.

"पुन्हा लाव," मी म्हणाले. "आणि जरा दबकत ये. लई पाय वाजतात तुझे."